खांबाला विचारलेला प्रश्न

आमचं घर म्हणजे कारवीचे चार कूड, त्यांवर शेणामातीचं लिंपण, आणि मधोमध एक सागाचा खांब. खांब तेवढा भक्कम होता. बाकी सगळं दर पावसाळ्यात थोडं थोडं वाहून जायचं आणि आई ते पुन्हा लिंपायची. मुरबाड तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला आमचा पाडा होता. घराखालची जागासुद्धा आमची नव्हती. पावसात दुसऱ्याच्या खाचरात भात लावायचं, नंतर दुसऱ्याचं भात कापायचं, आणि घरी वरीची पेज नाहीतर रानातले कंद खायचे. कडू कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात. तरी कडवटपणा थोडा राहतोच. अजून कधी तोंड कडू झालं की मला आजार आठवत नाही, घर आठवतं.

घरात माणसं चार. आई, बा, मी आणि बाचे थोरले भाऊ. त्यांना मी थोरले काका म्हणायची. काकी माझ्या जन्माआधीच गेली होती, त्यांना मूलबाळ नव्हतं.

थोरल्या दिराशी धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. त्यांच्यासमोर पदर पुढे ओढायचा, त्यांच्या हातात काही द्यायचं नाही, खाली ठेवून बाजूला व्हायचं. पण एका छपराखाली राहायचं तर विचारावं लागतंच. म्हणून आई खांबाला विचारायची.

"खांबा, आज भाकर करू काय आंबील, इचार बरं."

काका कोपऱ्यात दोरी वळत बसलेले असायचे. तेही खांबाकडे बघूनच बोलायचे. "खांबा, तिला सांग, आंबीलच कर बोलावं. पीठ पुरवायला पायजे."

बा हसायचा. "या खांबाला पन एक भाकर ठेवीत जा गो. आपल्या सगल्यांपरीस तोच जास्ती राबतो."

ही थट्टा रोजची होती. मला लहानपणी खरंच वाटायचं की खांबाला सगळं कळतं. आई खांबाला जितक्या अदबीने विचारायची तितक्या अदबीने मी पुढे मोठमोठ्या माणसांनाही विचारताना कुणाला ऐकलं नाही.

आमच्या पुरुषांचं वेगळं होतं. ते खांबाला विचारत नसत, पण माणसालाही विचारत नसत. ते उभे राहत. मालकाच्या ओट्याखाली, मुकादमाच्या दारात, तलाठ्याच्या झाडाखाली, टोपी हातात घेऊन उभे. कधीतरी वरून आवाज यायचा, "काय रे?" मग बोलायचं. "काय रे" आलं नाही तर घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभं राहायचं. प्रश्न तोंडाने विचारायचा असतो हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. विचारलं असतं तर "तोंड वर करून बोलतोस?" असं ऐकावं लागलं असतं, हेही खरं.

दिवाळी झाली की आम्ही आटगावला जायचो. महाराष्ट्र अजून व्हायचा होता तेव्हाची ही गोष्ट. डोंगरउतारावरचं गवत कापून स्टेशनाजवळ आणायचं, तिथे त्याच्या गच्च गासड्या बांधायच्या आणि त्या मालगाडीने मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. गवत दाबायचं एक मोठं यंत्र होतं, त्याला सगळे प्रेस म्हणायचे. लांब दांड्याला माणसं जुंपून तो गोल फिरवायचा. बा त्या दांड्यावर असायचा, आई गवत भरायची, काका गासड्या वाहायचे. आम्ही गवताच्याच खोपीत राहायचो. अंगाला, भाकरीला, केसांना गवताचा वास. मला तो आवडायचा.

मी दहा-अकरा वर्षांची असताना एका दुपारी दांडा सुटला. उलटा फिरला आणि बाच्या पोटात बसला. बा खाली पडला, पण लगेच उठला. सगळे घाबरलेले बघून म्हणाला, "काय नाय रे, म्हशीनं लाथ मारली आसं समजा." लोक हसले. त्याने पुन्हा दांडा धरला. दिवस मावळेपर्यंत त्याचं पोट फळीसारखं कडक झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मुकादमाच्या दारात जाऊन उभे राहिले. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर मुकादमाची चिठ्ठी हवी, असं लोक म्हणत होते. आत मुकादम कुणाशी तरी बोलत होता. काका टोपी हातात धरून उभे. ऊन त्यांच्या पायावर आलं, पायावरून पुढे गेलं. शेवटी मुकादम बाहेर आला आणि म्हणाला, "काय रे?" तेव्हा काका बोलले. दुपारच्या गाडीने आम्ही बाला घेऊन गेलो.

दवाखान्याचा तो वॉर्ड मला अजून दिसतो. लांबच लांब, दोन्ही बाजूंना खाटा, आणि मधून छताला टेकलेले हिरव्या रंगाचे लोखंडी खांब. बाची खाट एका खांबाला लागूनच होती. आईला ते बघून जरा धीर आला असावा. ती खांबाजवळ बसली.

बाच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. तो सारखा म्हणत होता, "पानी दे गो. घोटभर दे." शेजारच्या खाटेवरच्या माणसाने हातानेच नको नको केलं. द्यायचं नाही असं काहीतरी होतं, पण का, किती वेळ, मुळीच नाही की थोडं चालेल, कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर आले. चष्मा लावलेले, पांढरा कोट, मागे नर्स आणि चार-पाच शिकाऊ मुलं. सगळे इंग्रजीत बोलत होते. बाच्या पोटाला हात लावून ते आपसात काही बोलले. काका खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, टोपी हातात. ते वाट बघत होते. मोठ्या दवाखान्यात कुणी "काय रे" म्हणत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि आईने पदर पुढे ओढला, तोंड त्या लोखंडी खांबाकडे केलं आणि स्वच्छ आवाजात, घरी विचारायची तशाच अदबीने विचारलं,

"खांबा, ह्यांना पानी दिलं तर चालंल काय रे? व्हट सुकलेत त्यांचे. घोटभर देऊ काय, इचार बरं."

डॉक्टर थांबले. त्यांनी आईकडे बघितलं, मग खांबाकडे बघितलं. नर्सला काहीतरी विचारलं. नर्सने स्वतःच्या कपाळाशी बोट नेलं आणि मान हलवली. शिकाऊ मुलांतला एक हसला. डॉक्टर हसले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. पण ते पुढच्या खाटेकडे गेले.

आई खांबाकडे तोंड करून तशीच थांबली होती. आमच्या घरी थोडा उशीर झाला तरी उत्तर यायचं.

मग तिने शेजारच्या तांब्यात पदराचा कोपरा बुडवला आणि बाच्या ओठांना लावला. बाने तो कोपरा चोखला. डोळे मिटून, लहान पोराने चोखावा तसा. मी बघितलं. तेवढ्यात नर्स परत आली, तिने आईचा हात झटकला आणि ओरडली, "पानी दिया? मर जायेगा वो!"

आईला हिंदी येत नव्हती. पण त्यातलं "पानी" आणि "मर" कळायला हिंदी यावी लागत नाही.

भेटीची वेळ संपली म्हणून आम्हाला बाहेर काढलं. सकाळी आत गेलो तर खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती.

*

बा कशाने गेला हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही कुणाला विचारलं नाही. कुणाला विचारणार? आईकडे मात्र तिचं उत्तर होतं. पदराच्या कोपऱ्याने गेला. पाड्यावर परत आल्यावर रडताना तिने स्वतःच ते सगळ्यांना सांगितलं. तिथे चूक झाली. आमच्या पाणवठ्यावर एक बाई होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. आई हंडा घेऊन आली की ती म्हणायची, "बाजूला व्हा गो, हिच्या हातचं पानी लागलं तर जड जायाचं."

आई हंडा भरायची आणि यायची. पण तेव्हापासून तिने आजारी माणसाला पाणी दिलं नाही. मला ताप आला की ती माझ्या उशाशी रात्रंदिवस बसायची, डोक्यावर पाला ठेवायची, पाय चेपायची. पाणी मागितलं की उठून शेजारणीला हाक मारायची. "हिला जरा पानी दे गो बाय." शेजारीण तांब्या माझ्या तोंडाला लावायची आणि आई पाठ फिरवून उभी राहायची. तापात मला आईच्या हातचं पाणी हवं असायचं. मी एकदा हट्ट केला, तांब्या लोटून दिला. आईने हात मागे घेतले, असे, पाठीमागे, आणि म्हणाली, "माझ्या हातानं नको गो. येक जीव गेलाय."

काकांनी हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोरी वळता वळता ते म्हणाले, "खांबा, तिला सांग, पोरीला पुढं शालत घालायची."

आई चुलीपाशी होती. "खांबा, इचार, पोरीच्या जातीला शाला कशाला? लोकं हसतील."

"सांग तिला, हसूं दे. घरात येकाला तरी माणसाला इचारता आलं पायजे. त्या डागदराला इचारायचं ऱ्हायलंय."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्यामुळे मी शिकले ती मोठं व्हायला नाही, साहेब व्हायला नाही. एक प्रश्न विचारायचा होता, त्यासाठी शिकले. आणि तो इंग्रजीत विचारायचा होता, कारण डॉक्टर इंग्रजी बोलत होते.

*

गावातली शाळा संपल्यावर काकांनी मला शहापूरला आणून सोडलं. तिथे मुलींचं एक लहानसं वसतिगृह होतं. इंग्रजी आठवीला सुरू झालं. आमचे इंग्रजीचे मास्तर काटकुळे, पोटाच्या दुखण्याने कायम त्रासलेले, पण वर्गात उभे राहिले की वेगळेच. पुस्तकातले धडे ते भराभर संपवायचे आणि उरलेल्या वेळात रोजचं बोलणं शिकवायचे. आत येऊ का, हे कसं विचारायचं. वाट कशी विचारायची. समजलं नाही तर पुन्हा सांगाल का, हे कसं म्हणायचं.

"मे आय कम इन, सर?" मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हात जोडले होते आणि मान खाली घातली होती. वर्ग हसला.

मास्तर म्हणाले, "हात खाली कर. मान वर. प्लीज म्हणजे पाया पडणं नव्हे. समोरच्याला मान द्यायचा आणि आपला सोडायचा नाही. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मला दारापर्यंत परत पाठवलं. पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "आता माणसासारखी आलीस. बस."

त्या दिवशी मी काकांचा विचार करत राहिले. कुणी त्यांना एवढंच शिकवलं असतं. पण कोण शिकवणार आणि ते कुठल्या भाषेत? मराठीत मुकादमाला "माफ करा, एक विचारू का?" असं काकांनी म्हटलं असतं तर मुकादमाने त्यांना वेड्यात काढलं असतं. आमच्या भाषेत अदब भरपूर होती, पण ती आमच्या वाट्याला फक्त द्यायला आली होती. इंग्रजीत कुणाला ठाऊक नव्हतं मी कोणत्या पाड्याची. ती भाषा माझ्यासाठी कोरी होती, म्हणून मला त्यात सरळ उभं राहता आलं. लोक म्हणतात इंग्रजीने माणूस परका होतो. मी माझ्यापुरतं सांगते, मी त्याआधीच परकी होते.

सुट्टीत घरी गेले की सराव करायला कुणी नव्हतं. म्हणून मी खांबापुढे उभी राहायची. "एक्स्क्यूज मी, सर. मे आय आस्क यू अ क्वेश्चन?"

आई चुलीवरून वळून बघायची. "काय बोलतीस गो त्याला?"

"विचारते, एक प्रश्न विचारू का?"

"इचारायला पन इचारायचं?"

"हो."

आई बाच्या मरणानंतर क्वचित हसायची. तेव्हा हसली. "लय शिकला आमचा खांब. आता आमाला वळख देनार नाय."

काका कोपऱ्यातून म्हणाले, "खांबा, साहेब झालास तरी छप्पर सोडू नको."

शहापूरजवळच्या आसनगावच्या स्टेशनात मी पहिल्यांदा खऱ्या माणसावर प्रयोग केला. खिडकीशी जाऊन म्हटलं, "एक्स्क्यूज मी, सर. कुड यू प्लीज टेल मी व्हेन द कसारा ट्रेन विल कम?" आतल्या बाबूने मान वर केली, माझ्या डोक्यावरून मागे बघितलं, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. "इंग्रजी कोण बोललं रे इथे?"

"मी बोलले."

त्याने मला पायापासून वर बघितलं. पायात काही नव्हतं. मग चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "लेट आहे, बाई. बसा तिकडे बाकावर." मला जन्मात कुणी अहोजाहो केलं नव्हतं. मी बाकावर बसले. त्याआधी कायम जमिनीवर बसायची.

*

मी अकरावीला असताना काका आजारी पडले. निरोप आला म्हणून मी घरी गेले. ते खाटेवर होते, हाडं तेवढी उरलेली, श्वास लागलेला. घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजारीणही भातावर गेलेली. त्यांना तहान लागली होती. ओठ अगदी बाचे झाले होते तसे झाले होते.

आई तांब्या घेऊन खांबापाशी आली आणि तिथेच थांबली. काकांना उठून घेता येत नव्हतं. पाणी तोंडातच घालावं लागणार होतं. एक तर थोरले दीर, त्यात आजारी माणूस.

"खांबा," ती म्हणाली, "पानी देऊ काय, इचार."

काकांनी डोळे उघडले. खांबाकडे बघायला त्यांना मान वळवावी लागली. ती त्यांनी वळवली.

"खांबा, तिला सांग... तूच दे बोलावं. तुझ्याच हातानं दे. काय व्हत नाय."

आई पुढे आली. एक पाऊल, दोन पावलं. मग तिने तांब्या जमिनीवर ठेवला आणि ती पाठमोरी झाली. "गो, तू दे," मला म्हणाली. "मना नाय जमत."

मी दिलं. काका प्याले. पण प्यायच्या आधी ते क्षणभर आईच्या पाठीकडे बघत राहिले होते. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी रीत सांभाळून सांगितलं होतं, त्याहून जास्त त्यांच्याजवळ नव्हतं. दोन दिवसांनी ते गेले.

काकांचा दहावा झाल्यावर मी आईला म्हटलं, मी त्या दवाखान्यात जाऊन विचारणार. ती म्हणाली, "नको जाऊ गो. जर तो बोलला, व्हय, पदरानंच गेला, मग?"

मीही त्याच भीतीने इतकी वर्षं गेले नव्हते की काय, कोण जाणे. पण मी म्हटलं, "तू तसंही तेच धरून बसलीस ना? मग आणखी काय जाणार आहे?"

ती म्हणाली, "नीट इचार. अदबीनं इचार."

*

मॅट्रिक झाले आणि मुंबईला कॉलेजात गेले. आमच्या पाड्यातून कॉलेजात जाणारं पहिलं माणूस मी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. कॉलेजातल्या मुली माझ्या उच्चारांना हसायच्या. हसल्या तर हसल्या. त्यांना इंग्रजीत फक्त गप्पा मारायच्या होत्या.

दवाखान्यात जायला मात्र मला तीन वर्षं लागली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत एका दुपारी गेले. वॉर्ड तोच होता. खांब आता पिवळे केले होते. खाटांवर माणसं, खाटांखाली त्यांची गाठोडी, आणि गाठोड्यांजवळ बसलेल्या बायका. त्यांतल्या किती जणी कुठल्या खांबाला काय विचारत होत्या, देव जाणे.

टेबलाशी एक डॉक्टर लिहीत बसले होते. पिकलेले केस. तेच होते की दुसरे, मला सांगता येत नाही. मी दाराशी उभी राहिले. ते वर बघतील, विचारतील म्हणून. बराच वेळ गेला. माझ्या हातात पर्स होती, ती मी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. खाली बघितलं तेव्हा कळलं, काका टोपी अशीच धरायचे.

मी पर्स खांद्याला लावली आणि आत गेले.

"एक्स्क्यूज मी, डॉक्टर. मे आय आस्क यू अ क्वेश्चन, प्लीज?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर्टनली. प्लीज सिट डाउन."

इतकं सोपं होतं. मला रडूच आलं. पण मी रडायला आले नव्हते. मी बसले आणि पाठ करून ठेवलेलं सगळं सांगितलं. माझे वडील याच वॉर्डात गेले, पुष्कळ वर्षं झाली. पोटात दांडा बसला होता. पोट कडक झालं होतं. त्यांना तहान लागली होती. माझ्या आईने तुमच्यासारख्याच एका डॉक्टरांसमोर विचारलं, पाणी देऊ का. उत्तर मिळालं नाही. मग तिने ओला पदर ओठांना लावला. त्यांनी तो चोखला. सकाळी गेले. माझ्या आईच्या पदरामुळे गेले का?

ते भराभर बोलू लागले. एक लांबलचक शब्द आला, मग दुसरा. मला काही कळेना. पूर्वीची मी असते तर मान हलवून, नमस्कार करून बाहेर आले असते. मी म्हटलं, "आय ॲम सॉरी, डॉक्टर. कुड यू प्लीज से दॅट अगेन, स्लोली?"

ते थांबले. खुर्ची पुढे ओढली आणि अगदी सावकाश सांगितलं. आत आतडं फाटलं असणार. त्यातलं विष पोटभर पसरलं असणार. अशा रोग्याला पाणी प्यायला देत नाहीत हे खरं. पण ओठ ओले करायला आम्हीच सांगतो, कापसाच्या बोळ्याने. पदराच्या कोपऱ्यात येतं तेवढ्याने काही होत नाही.

"युवर मदर डिड हिम नो हार्म," ते म्हणाले. "नो हार्म ॲट ऑल."

मी ते वाक्य मनात म्हणून घेतलं, एकही शब्द सांडू नये म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईने त्या डॉक्टरांना विचारलं तरी उत्तर का मिळालं नाही?"

मी बोटाने दाखवलं. "तिने त्या खांबाला विचारलं होतं." आणि रीत समजावून सांगितली. ते हसले नाहीत. उठून त्या खांबापर्यंत गेले, त्याला हात लावला, आणि परत येऊन बसले.

माझ्याजवळ आणखी एक प्रश्न होता. तो मी पाठ केला नव्हता, तो आपसूक तोंडात आला. "जर त्यांना लवकर आणलं असतं, सकाळीच, तर ते..."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "डू यू रिअली विश टू नो दॅट?" त्यांनी अगदी हळू, मान देऊन विचारलं.

मला मुकादमाचं दार दिसलं. काकांच्या पायावरून पुढे सरकणारं ऊन दिसलं. ते गेले होते. आयुष्यभर त्यांनी हाच विचार केला होता की नाही, मला ठाऊक नाही. मला शाळेत त्यांनीच घातलं होतं.

"नो, डॉक्टर," मी म्हटलं. "थँक यू."

एवढं शिकून विचारायला गेलेली मी, तो एक प्रश्न न विचारता बाहेर आले. तो अजून माझ्यापाशी आहे.

*

घरी पोचले तेव्हा आई अंगणात वरी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. घरात गेली आणि खांबाला पाठ टेकून बसली. मी समोर बसले.

"तो मराठीत बोलला काय?"

"नाही, इंग्रजीत."

"मग तसंच सांग पयलं. तो बोलला तसंच."

मी सांगितलं. "युवर मदर डिड हिम नो हार्म. नो हार्म ॲट ऑल." तिला एक शब्द कळला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, कानाने नाही, डोळ्यांनीच ऐकल्यासारखी.

"आता आपल्या बोलीत सांग."

मी सांगितलं. आतडं, विष, कापसाचा बोळा, सगळं. तिने मध्ये एकदाच तोंड उघडलं. "म्हंजे ते पन व्हट भिजवतात?"

"तेच भिजवतात."

"मग त्यांना बरं वाटलं असंल काय, त्या टायमाला?"

हे मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. पण याचं उत्तर मला माहीत होतं, कारण मी ते बघितलं होतं. "वाटलं," मी म्हटलं. "बाने डोळे मिटले होते."

आई रडली नाही. खांबाला टेकूनच म्हणाली, "दादांनी सांगितलं व्हतं. काय व्हत नाय बोलले व्हते. मी ऐकलं नाय त्यांचं." थोरल्या दिरांना ती दादा म्हणायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते जिवंत असताना तिने कधी हाकच मारली नव्हती.

त्या पावसाळ्यात पाणवठ्यावरची ती जिभेला हाड नसलेली बाई तापाने पडली. तिची सून माहेरी होती. आई गेली, तिच्या उशाशी बसली आणि आपल्या हाताने तिला पाणी पाजलं. मी घरी गेले तेव्हा तिने मला हे सांगितलं तेसुद्धा सहज, भांडी घासता घासता.

पुढच्या वर्षी मी बी.ए. झाले.